बेल वाजली तर उघडायचं नाही

टेलिफोन ऑफिसातली ही बाई सहा वर्षं टीव्हीवर दार उघडत होती. काम तेवढंच. बेल वाजायची, ती हात पुसत स्वयंपाकघरातून धावत यायची, दार उघडायची आणि हसून विचारायची, "आलात?" दारात इन्स्पेक्टरसाहेब उभे. ते उत्तर द्यायचे नाहीत. टोपी काढून तिच्या हातात द्यायचे, जेवायला बसायचे, आणि दुसरा घास तोंडात जायच्या आत फोन खणखणायचा. "पुन्हा चाललात?" हे तिचं दुसरं वाक्य. "जपून हं," हे तिसरं. लेखकाने त्यापुढे तिच्यासाठी कधी काही लिहिलं नाही आणि तिनेही कधी मागितलं नाही.

सेटवर तोंडावर सगळे तिला वहिनी म्हणायचे आणि पाठीमागे आलातबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचा राग नव्हता. राग हा प्रकार तिला मुळात जमायचाच नाही. खरं सांगायचं तर हे काम तिला मिळालं ते त्याच गुणावर.

त्या काळी दुसऱ्या गावाला फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागे. पोलिसांची ती मालिका काढणारा दिग्दर्शक एकदा असाच तासभर खोळंबला आणि ऑपरेटरला तोंडाला येईल ते बोलला. पलीकडून दर वेळी एकच उत्तर, "थांबा हं, जोडते." तोच आवाज, तीच चाल, ना चढ ना उतार. पाचव्यांदा ते ऐकल्यावर गडी भांडण विसरला. म्हणाला, "बाई, तुम्ही नाटकात काम करता का?" ऑफिसच्या वार्षिक नाटकात ती एकदा शेजारीण झाली होती. तसं तिने सांगितलं. "मला अशीच बायको हवी आहे," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, इन्स्पेक्टरला."

तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. आधी जमलं नाही आणि पुढे जमवायचं राहून गेलं. एका खोलीचं छोटंसं घर, खिडकीत दोन कुंड्या, नोकरी पक्की. त्यात ती मजेत होती. लोकांनाच तिची कीव यायची, ती त्यांनी आपापल्या घरी नेऊन ठेवावी असं तिचं मत होतं.

आता कामाची तऱ्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मालिका आठवड्याची, पण बाईंना सुट्टी फक्त रविवारी. म्हणून महिन्यातला एक रविवार धरून चार-पाच भागांतले घरातले सगळे प्रसंग एकाच दिवशी उरकले जात. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत बारा-तेरा वेळा दार. प्रत्येक दाराला वेगळे कपडे. घर म्हणजे तीन भिंती, त्याही प्लायवूडच्या. दारापलीकडे एक स्टूल, आणि त्यावर इन्स्पेक्टरचं काम करणारे नट, ज्यांना सगळे साहेबच म्हणत, चहा पीत बसलेले. बेल दारावर नव्हतीच. कोपऱ्यात आवाजवाल्या काकांच्या मांडीवर एक लाकडी फळी असे, तिला घंटी जोडलेली. ही घंटी सरकारी मालाच्या लिलावातून आणलेली होती आणि तिचा आवाज म्हणजे थेट कानात शिरणारं करवतीचं पातं. काका बटण दाबायचे, बाई धावायच्या.

कुठल्या दाराला कुठला चेहरा, हे लक्षात राहणं शक्यच नव्हतं. त्यावर तिनेच तोड काढली होती. दाराच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, ती टाचणीने एक चिठ्ठी लावायची. 'बढती.' 'दंडाला गोळी, किरकोळ.' 'मित्र गेला.' 'मुलीचा वाढदिवस, विसरले.' कडीला हात घालताना चिठ्ठी वाचायची आणि तेवढ्यात चेहरा बदलायचा.

त्या काळच्या पोलिसी मालिकांमधली घरं तुम्ही पाहिली असतील तर सांगायला नको. सगळी एकाच साच्यातली. घरात एक बायको, जी कधी जेवलेलीच नसते. झाकलेल्या ताटापुढे हनुवटीला हात लावून बसलेली. आपल्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरला एक मुलगी होती आणि तिचा वाढदिवस वर्षातून चार वेळा यायचा, कारण बाप तो विसरलाय हे दाखवायला दुसरं साधन नव्हतं. आरामखुर्चीत एक म्हातारी आई होती, ती फोन वाजला की खोकायची. गुन्हेगारांना शहरात दुसरं कुणी भेटत नसावं, कारण पळवून न्यायचं झालं की ते नेमके इन्स्पेक्टरच्याच घरचं माणूस पळवायचे. मुलगी दोनदा पळवली गेली, आईला एकदा नेलं आणि खोकल्याला कंटाळून की काय, संध्याकाळच्या आत परत आणून सोडलं. घर म्हणजे साहेबांना उशीर झालाय हे दाखवायचं घड्याळ. घड्याळाला भूक लागते का, झोप येते का, हे कोण विचारणार?

एक बाई विचारायची. ती म्हणजे आलातबाईंची थोरली बहीण.

ताई म्हणजे खरी पोलिसाची बायको. भाऊजी हवालदार, राहायला पोलीस क्वार्टर्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आई लवकर गेल्यावर ताईनेच धाकटीला वाढवलं होतं, वेण्या घातल्या होत्या, आणि टेलिफोन ऑफिसच्या मुलाखतीला स्वतःची चप्पल तिला घालायला देऊन पाठवलं होतं. त्यामुळे तिला जो अधिकार होता तो ती मुक्तहस्ते वापरायची. मालिकेचा पहिला भाग पाहून ताई म्हणाली, "तुझी बाई खुळी आहे, बारके. ताट झाकून काय बसते? आम्ही आठाला जेवून घेतो. नवऱ्याची वाट बघत उपाशी बसले असते तर मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच गेले असते."

"मी लिहीत नाही गं ताई. मी नुसती उघडते."

"मग उघडताना तरी जरा अक्कल वापर."

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. बारकी ऐकून घ्यायची आणि हसायची. पण मनात कुठेतरी सल होताच. जगातल्या सगळ्यांना तिचं काम आवडलं काय, नाही आवडलं काय, तिला फरक पडत नव्हता. ताईला आवडावं एवढीच तिची इच्छा होती, आणि तेवढंच होत नव्हतं.

सहाव्या वर्षी मालिका रडतखडत चालायला लागली. लोक कंटाळले. मग एका रविवारी चहाच्या सुट्टीत दिग्दर्शकाने जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात वहिनींना मारायचं."

साहेब चहा पिता पिता थांबले. लेखक, जो नेहमी कोपऱ्यात टाइपरायटरसमोर बसलेला असे, आपली नखं बघायला लागला. बेत असा होता की नेहमीप्रमाणे बेल वाजेल, वहिनी नेहमीप्रमाणे हसत धावतील, "आलात?" म्हणत दार उघडतील, आणि दारात साहेबांच्या जागी पिस्तूल घेऊन खुनी उभा असेल. मग साहेब चवताळून उठतील आणि पुढचे दहा भाग चवताळलेलेच राहतील.

"लोक हादरतील," दिग्दर्शक म्हणाला. "सहा वर्षं तेच दार, तेच हसू. आणि एक दिवस ठो!"

"बरं," ती म्हणाली. तिला नेहमी एवढंच म्हणता यायचं. काम जाईल याचं तिला फार वाटलं नाही, पोट काही त्यावर नव्हतं. पण बसमधून घरी जाताना तिच्या डोळ्यांपुढे ताईच्या घरातला टीव्ही आला. क्वार्टर्सच्या त्या जिन्यावर दोनच टीव्ही होते, त्यातला एक ताईकडे. गुरुवारी साडेआठला जिन्यातल्या सगळ्या बायका तिथे जमायच्या, नावं ठेवायला का होईना. पोलिसाची बायको दार उघडायला धावली म्हणून मेली, हे त्या सगळ्या बघणार होत्या. आणि ते मरण त्यांना हीच दाखवणार होती. तिने ताईला काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ताई ओल्या फरशीवर घसरली आणि उजवं मनगट मोडून घेऊन बसली. हाताला प्लास्टर. भाऊजींना चहा करता येत होता, पण तो त्यांनाच पिता येत होता. तेव्हा बारकी चार कपडे घेऊन ताईकडे राहायला गेली. दिवसा ऑफिस, संध्याकाळी ताईचं घर.

पहिल्याच संध्याकाळी, सातच्या सुमाराला, बेल वाजली.

बारकी सवयीने उठली. हात पुसले, दाराकडे निघाली.

"थांब!" ताईचा आवाज असा आला की ती जागीच खिळली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली ठेवली, मग तिथेही सामसूम. सगळा जिना कान देऊन उभा होता. ताईने उठून दाराच्या फटीतून विचारलं, "कोण?"

"मीटर बघायला आलोय," बाहेरून आवाज आला.

"मेल्या, ही वेळ आहे का यायची?" ताई ओरडली आणि मटकन खुर्चीत बसली. शेजारचा रेडिओ पुन्हा सुरू झाला.

मग तिने धाकटीला सगळं सांगितलं. क्वार्टर्समध्ये घरचा माणूस बेल वाजवत नाही. कधीच नाही. भाऊजी किल्लीने दारावर दोनदा टकटक करतात. तळमजल्यावरचा ड्रायव्हर फाटकातूनच शीळ घालतो. वरचे फौजदार जिन्यात मोठ्याने घसा खाकरतात. प्रत्येक घराची आपापली खूण. आतून कडी असते, खूण पटली की काढायची. "बेल म्हणजे दुसरं कुणीतरी," ताई म्हणाली. "आणि ठाण्यातलं दुसरं कुणी आपल्या दारात आलं, तर ते काय सांगायला येतं, हे तुला सांगायला हवं का?"

तिसऱ्या मजल्यावर नऊ वर्षांपूर्वी एकदा तशी बेल वाजली होती. महिन्याभरात त्या बाईने सामान बांधलं आणि ती माहेरी गेली. जाताना तिची कढई ताईकडे राहिली, ती अजून आहे.

"तुझ्या मालिकेत बेल वाजली की इथे निम्म्या बायकांच्या काळजात धस्स होतं," ताई म्हणाली. "आणि तू दात काढत धावतेस. सहा वर्षं मी तुला खुळी म्हणतेय ते काय उगाच?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, तू नुसती उघडतेस ना!"

हे मात्र बारकीला लागलं. त्या तीन आठवड्यांत ती भाऊजींची टकटक ओळखायला शिकली. नऊ वाजत आले की ताईचं बोलणं तुटक व्हायचं. ती जेवलेली असायची, भांडी घासून झालेली असायची, हातात काहीतरी निवडायला घेतलेलं असायचं, पण कान जिन्याकडे. टक, टक झालं की ताई मोठ्याने म्हणायची, "आले एकदाचे, आता सगळं घर डोक्यावर घेतील." हेच तिचं प्रेमाचं बोलणं होतं. "खरं सांगते," असं बारकी पुढे मला म्हणाली, "त्या दोन टकटकींइतकं चांगलं मी आयुष्यभर टेलिफोनवरही काही ऐकलं नाही." आणि टेलिफोनवर तिने पुष्कळ ऐकलं होतं.

ठरलेला रविवार उजाडला. पहिलाच प्रसंग साधा होता. चिठ्ठी लावली होती, 'बढती'. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, काकांनी बटण दाबलं.

तीच सरकारी घंटी. तेच करवतीचं पातं.

बाई हललीच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, ओल्या हातांनी, दाराकडे बघत उभी राहिली. सहा वर्षांत आठशेच्या वर दारं उघडलेली बाई, आणि तिला एक दार उघडेना!

"वहिनी, बेल वाजली!" दिग्दर्शक ओरडला. पुन्हा बेल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तिने उलट दोन पावलं मागे घेतली. "अहो, एवढंच तर काम आहे तुमचं!" दिग्दर्शक कपाळ बडवून म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाय उचलेचनात, ती तरी काय करणार?

दारापलीकडे साहेब स्टुलावरून उठून कधीचे ताटकळले होते. आत काय गोंधळ चाललाय ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी हातातल्या छडीने दारावर दोनदा ठोकलं. टक. टक.

तिने दार उघडलं. चिठ्ठी वाचली नाही, चेहरा बदलला नाही. ती हसलीही नाही आधी. साहेबांकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी आहे ना असं. मग तिने श्वास सोडला आणि मग हसू आलं. "आलात?"

साहेब वाक्य विसरले. वाक्य मुळात नव्हतंच, तरी विसरले. दिग्दर्शकाने कट म्हणायला उशीर केला. आणि लेखक टाइपरायटर सोडून पहिल्यांदाच कोपऱ्याबाहेर आला. "वहिनी," त्याने विचारलं, "हे काय केलंत?"

तिने सांगितलं. क्वार्टर्स, टकटक, शीळ, मीटरवाला, तिसऱ्या मजल्यावरची कढई. एका दमात एवढं बोलताना तिला सेटवर कुणी ऐकलं नव्हतं. लेखक उभ्या उभ्याच नवीन कागदावर खरडायला लागला. दुपारपर्यंत सगळ्या दारांची बेल गेली आणि छडी आली. आवाजवाले काका रिकाम्या हाताने बसले आणि चहा जास्त प्यायले.

उरलं शेवटचं दार. खुनाचं.

"इथे बेलच पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला. "खुनी काय शीळ घालेल?"

"बेल असू दे," ती म्हणाली. "पण मग ती उघडणार नाही."

"अहो, उघडणार नाही तर मरणार कशी?"

"नाही मरणार."

"मग साहेब चिडणार कशावर?"

आणि त्या क्षणी, ज्या बाईला राग जमत नाही असं सगळे समजत होते, तिचा आवाज चढला. "त्यांना चिडायला बायको मेलीच पाहिजे का? आमचे भाऊजी रोज चिडतात. ताई ठणठणीत आहे!"

सेटवर हशा पिकला. दिग्दर्शकही हसला, पण तो काही असा तसा वळणारा नव्हता. सौदा असा ठरला की एकदा तिच्या मनासारखं करायचं आणि एकदा त्याच्या. फिल्म दोन्हींपुरतीच उरली होती.

तिच्या वेळेला बेल वाजली. ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि थांबली. पुन्हा बेल. ती मागे फिरली आणि टेबलावरच्या खोट्या फोनपाशी आली. पुढे काय म्हणायचं ते कुणी लिहिलेलं नव्हतं, पण फोनवर बोलायला तिला कुणी लिहून द्यायची गरज नव्हती. "हॅलो, ठाणं का? मी साहेबांच्या घरून बोलतेय. दारात कुणीतरी आहे. नाही, ते नाहीत. ते बेल वाजवत नाहीत. हो, मुलगी आतल्या खोलीत आहे, मी कडी लावली आहे. पाठवा कुणाला तरी. मी लाइनवर थांबते." तोच आवाज, तीच चाल, ना चढ ना उतार. दारापलीकडे खुनी पिस्तूल रोखून एवढा वेळ उभा होता की त्याचा हात भरून आला. "अहो, उघडताय ना?" त्याने बिचाऱ्याने हळूच विचारलं.

मग दिग्दर्शकाची पाळी. तीही तिने चोख केली, शब्द दिला होता. बेल वाजली, ती हसत धावली, "आलात?" म्हणाली, ठो झालं आणि ती पडली. पडता पडता तिने कपडे नीट केले, एवढंच काय ते खोटं दिसलं. छातीवर लाल रंग घेऊन ती फरशीवर डोळे मिटून पडली होती तेव्हा तिच्या मनात ताईच्या टीव्हीसमोर बसलेल्या बायका होत्या.

"कुठलं लावणार?" जाताना तिने विचारलं.

"बघू," दिग्दर्शक म्हणाला.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. ही बाई आता सत्तरीच्या पुढे आहे. टेलिफोन ऑफिसात यंत्रं आली, माणसांनी जोडायचं काम बंद झालं, पण ती निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. खिडकीत आता नऊ कुंड्या आहेत. जुन्या मालिका दुपारच्या वेळी पुन्हा दाखवतात तेव्हा ती आणि ताई एका सोफ्यावर बसून बघतात आणि म्हातारी आई खोकली की दोघीही खोकतात. भाऊजींना ऐकू कमी येतं, पण अजून बाहेरून आले की किल्लीने टकटक करतात, तीही इतकी जोरात की खालच्या मजल्यावरचे दार उघडतात. म्हणजे सगळं बरं आहे. पण तो गुरुवार आला तेव्हा हे काही तिला माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी ताईच्या घरात आठ-नऊ बायका बसल्या होत्या. बारकी मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. ताईचं प्लास्टर निघालं होतं, तरी ती मनगट दुसऱ्या हाताने धरून होती. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बारकीलाही नाही.

पडद्यावर संध्याकाळ झाली. खुनी जिना चढला. त्याचे बूट, त्याच्या खिशातलं पिस्तूल, सगळं दाखवलं. मग बेल वाजली.

खोलीतल्या सगळ्या बायका दचकल्या. तळमजल्यावरच्या ड्रायव्हरच्या बायकोने तोंडावर हात घेतला. पडद्यावरची बाई हात पुसत दाराकडे निघाली. "अगं नको गं," कुणीतरी पुटपुटलं. तिने कडीला हात घातला. बारकीने डोळे मिटून घेतले.

ठो झालं नाही.

"हॅलो, ठाणं का?" तिचा स्वतःचा आवाज आला.

तिने डोळे उघडले तेव्हा बायका एकमेकींना धरून पुढे झुकून बसल्या होत्या. "ते बेल वाजवत नाहीत," असं पडद्यावरची बाई म्हणाली तेव्हा वरच्या फौजदारांची बायको चक्क मान डोलावून "नाहीच मुळी!" म्हणाली. साहेबांची जीप आली, खुनी जिन्यातच सापडला, बाईने दोन टकटकींवर दार उघडलं. ड्रायव्हरची बायको डोळे पुसत म्हणाली, "शहाणी झाली गं बाई एकदाची."

ताई मागे वळून धाकटीकडे बघत राहिली. मुलाखतीला चप्पल देताना जसं बघितलं होतं तसं.

आणि तेवढ्यात बाहेर जिन्यात पावलं वाजली. ताईच्या दारावर टक, टक झालं.

सगळ्या हसायला लागल्या. ताई उठली, दोन पावलं गेली, आणि परत येऊन खाली बसली. "जा बारके," ती म्हणाली. "तू उघड. आज तुझा मान."

बारकी उठली. हात ओले नव्हते तरी तिने पुसले. सेटवर उंबऱ्यापासून दार पाच पावलांवर होतं, इथे सात होती. तिने कडी काढली. दारात भाऊजी, घामाने डबडबलेले, टोपी काखेत, एका बुटाची नाडी सुटलेली. आठशे वेळा म्हटलेला शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. आयुष्यात पहिल्यांदा ती खऱ्या पोलिसाला दार उघडत होती आणि तिला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं?" भाऊजी घाबरले. "काय झालं? ताई बरी आहे ना?"

"सगळं बरं आहे," ती म्हणाली, आणि मग तिला ते म्हणता आलं. "आलात?"

"आलो की," भाऊजी म्हणाले.

तिने त्यांना आत घेतलं आणि कडी लावली.